वरच्या मजल्याचा फ्यूज

शुभंकर, मोबाईलचा टॉर्च विझव आधी. भीती वाटत असेल तर खाली आईजवळ जा, बाकीच्यांना ऐकू दे. आमच्या अकोल्यातल्या गल्लीत कमलाकांत वकील राहतात ना, त्यांच्यासोबत घडलेलं सांगतो.

माणूस चिक्कू तो किती? घरी पाहुणा आला की हे उठून पंखा एकवर करायचे. दोन उन्हाळ्यांपूर्वी त्यांची बायको, आमच्या अनुपमावहिनी, उष्माघातानं गेल्या. बिचारीचा डोळा लागला की हे गुपचूप कूलर बंद करायचे. "अहो, तेवढा राहू द्या," ती अर्धवट झोपेत म्हणायची. ती गेल्यावर त्यांनी कूलरची मोटरसुद्धा भंगारात विकली. खिडकीत नुसता पत्र्याचा डबा उरला.

गेल्या वर्षीची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. त्या दिवशी पितर पाणी प्यायला येतात, पण वकिलांनी वहिनींच्या नावानं साधी घागर भरली नाही. त्यांचं सगळं लक्ष वरच्या भाडेकरूंवर. प्रणालीचा नवरा श्याम रेल्वेत, बडनेऱ्याला रात्रपाळीवर. तान्ह्या जुईलीसाठी ती रात्रभर कूलर लावायची. ही आपल्या मीटरवरून करंट चोरते, असा वकिलांना दाट संशय! रात्री साडेअकराला ते जिन्याखाली गेले आणि वरच्या मजल्याचा फ्यूज काढून घेतला.

"काकाजी, लाइन गेली का जी?" वरून प्रणालीचा आवाज आला. "जुईलीचं आंग तापून राहिलं."

"रात्रीची हवा गारच असते. झोप."

फ्यूज मुठीत धरून ते अंथरुणावर पडले. तेवढ्यात घर्र... कूलरचा आवाज. वकील ताडकन उठले. बाहेरच्या तारेवर आकडा टाकला वाटतं हिनं! जिन्यापर्यंत गेले. कान दिला. वर अंधार होता. पोर कण्हत होतं.

आवाज मागून येत होता. त्यांच्याच खोलीतून.

ते परत फिरले. खिडकीतला डबा घरघरत होता. मोटर नाही. वायर नाही. ओल्या गवताचा वास. तोंडावर गार वारा...

"कोण... कोण आहे?"

सवयीनं त्यांचा हात बटणाकडे गेला.

"अहो..."

हात तिथेच थांबला.

"...तेवढा राहू द्या."

हे त्यांनी मला नंतर सांगितलं, एकदाच. सकाळी त्यांच्या दाराशी दुधाची पिशवी तशीच पडलेली. दूध नासू देणारा हा माणूस नव्हे, म्हणून प्रणालीनं मला बोलावलं. आत वकील भिंतीला टेकून बसले होते. अंगावर गोधडी. अकोल्याच्या त्या उन्हाळ्यात त्यांचे दात वाजत होते.

"काकाजी, रातच्याले तुमीच लाइन देली ना?" प्रणाली म्हणाली. "पोरगी मस्त झोपली."

वकिलांनी मूठ उघडली. फ्यूज त्यांच्या हातात होता.

मी जिन्याखाली जाऊन मीटरची पेटी उघडली. फ्यूजची जागा रिकामी.

आणि वर... कूलर चालू होता.