वाळ्याची पुरचुंडी

गोहोकर गुरुजींची गाडी गॅरेजच्या शेडखाली येऊन थांबली, तेव्हा चारही काचा खाली होत्या आणि गुरुजींचा सदरा पाठीला चिकटला होता. वैशाखात सावरखेडमध्ये काचा खाली करून कोणी गाडी चालवत नसे.

"वनिताबाई, एसी नुसता गरम हवा फुंकून राहिला," उतरता उतरता ते म्हणाले. "आज लेकीले दवाखान्यातून सुट्टी हाय. पाच दिवसांची नात हाय माही. या भट्टीत कसं आणू तिले?"

वनिता डोंगरवारने बॉनेट उघडलं. गॅसचा दाब मोजायचं गेज लावायच्या आधी ती नेहमी हाताने नळ्या पाहत असे. जाड नळी गार पडून घामेजायला हवी, बारीक नळी चटका देणारी हवी. आज दोन्ही सारख्याच कोमट होत्या, म्हणजे आत गॅस फिरतच नव्हता. गेज लावून पाहिलं तर गॅस भरपूर. पंखा फिरत होता, पट्टा ताठ होता, जाळीत कचरा नव्हता. कॉम्प्रेसर मात्र सुरू होऊन लगेच बंद पडत होता, कुणी कान धरून खाली बसवावं तसा.

"गाडीत बिघाड नाई, गुरुजी," ती म्हणाली. "गाडीनं आपणच एसी आखडला."

ही शिस्त गावाला लागून आता काही उन्हाळे झाले होते. गाड्यांचे एसी आतली उष्णता बाहेर ओततात आणि आधीच तापलेला रस्ता आणखी पेटतो. म्हणून प्रत्येक गाडीच्या बंपरमागे बोराएवढा उष्मासूचक बसवलेला असे. बाहेर शेहेचाळीस अंशांच्या वर गेलं की गाडी आपला कॉम्प्रेसर आवरता घेई. सगळ्या सूचकांचे आकडे एका जाळ्यात जमा होत, त्याला ताप-जाळं म्हणत. त्यांची सरासरी शेहेचाळीसच्या पुढे सरकली की गावात भोंगा वाजे, उघड्यावरचं काम थांबे आणि मजुरी मात्र पुरी मिळे.

शिस्त म्हटली की पळवाट आलीच, आणि सावरखेडची पळवाट यंदा वनिताने शोधली होती. कूलरला वाळ्याच्या ताट्या लावणाऱ्या मुलखात ती सुचायला फार अक्कल लागत नाही. सूचकाभोवती वाळ्याची पुरचुंडी बांधायची आणि एसीतून ठिबकणाऱ्या पाण्याची नळी तिच्यावर सोडायची. सूचक ओला राही आणि गाडीला वाटे, बाहेर ऊन बेताचंच आहे. तिचं पाहून बाकीच्या गॅरेजवाल्यांनीही तेच सुरू केलं. यात कुणाचं काही बिघडत नाही, असं तिला अगदी मनापासून वाटत होतं.

तिने बंपरखाली हात घातला. पाण्याची नळी धुळीने बुजली होती आणि पुरचुंडी वाळून कडकडीत झाली होती. वनिताने नळी फुंकून मोकळी केली, पुरचुंडीवर तांब्याभर पाणी ओतलं. थोड्याच वेळात कॉम्प्रेसरने सूर धरला आणि जाड नळीवर घाम फुटला.

"मघा अठ्ठेचाळीस दाखवत होती, आता एक्केचाळीस," गुरुजी आत डोकावून म्हणाले. त्यांचा चेहरा खुलला होता. "यंदा तसं ऊन कमीच हाय म्हणा. भोंगा एकदाबी ऐकला नाई."

वनिताचा हात नळीवरच राहिला. खरंच, भोंगा वाजला नव्हता. तिचा नवरा दिवाकर बायपासवर रस्त्याचे पांढरे पट्टे मारायच्या कामाला होता. गेल्या उन्हाळ्यात तो भोंग्याबरोबर, जेवायच्या आत घरी येई. यंदा दिवेलागणीशिवाय त्याचं तोंड दिसलं नव्हतं. दोनदा त्याला उलट्या झाल्या, तर पाणी पीत नाही म्हणून तिने त्यालाच झापलं होतं. यंदा ऊन कमी आहे, असं तीही शेजारणीला सांगत आली होती. ऊन कमी नव्हतंच. गावातल्या गाड्यांना तिनेच खोटं बोलायला शिकवलं होतं, आणि त्यातली एक खरं बोलली तर ती आत्ताच दुरुस्त करून ठेवली होती.

तिने दिवाकरला फोन लावला. उचलला मुकादमाने.

"वहिनी, तुम्हालेच लावून राहिलो होतो. दिवाकर पडला. आंग तापलं हाय लय, अन् घाम नाई."

वनिता गाडीत बसली आणि गुरुजींनी गाडी वळवली. बायपासवर दिवाकरला बाभळीच्या विरळ सावलीत निजवलं होतं. तो काहीतरी असंबद्ध पुटपुटत होता. त्याला मागच्या सीटवर घेतलं, वनिताने पदर भिजवून त्याच्या छातीवर टाकला. बाकीची माणसं पुन्हा रंगाच्या गाड्याकडे वळत होती.

"काम थांबवा!" ती ओरडली. "अठ्ठेचाळीसच्या वर हाय!"

"भोंगा कुठं वाजला, वहिनी?" मुकादम कळवळून म्हणाला. "त्याबिगर थांबवलं त सगळ्यायची हजेरी जाते."

गाडी दवाखान्याकडे निघाली. गार हवा थेट दिवाकरच्या तोंडावर येत होती. हळूहळू त्याचे डोळे स्थिरावले, त्याने तिचा हात ओळखून धरला. वनिताला रडू फुटलं. मग तिने डोळे पुसले आणि टॅक्सीवाल्या रमेश ढवसला फोन लावला. गावात सगळ्यात जास्त गाड्या त्याच्या होत्या.

"रमेशभाऊ, सगळ्या पुरचुंड्या काढून टाक. आत्ताच. तुह्या गाड्या खरं बोलल्या नाईत त भोंगा वाजत नाई, अन् माणसं मरतात." तिने भराभरा सगळं सांगितलं.

पलीकडे टॅक्सी कडेला थांबल्याचा आवाज आला.

"काढतो, वहिनी. पण गाडीत म्हातारी माय बसली हाय माही, दम्याची. काढली की हवा गरम होईन." मग त्याने विचारलं, "तुम्ही आता ज्या गाडीत हाय, तिची काढली काय?"

आरशात गुरुजींची नजर तिच्याकडे लागली होती. परतीला याच गाडीत त्यांची नात बसायची होती. वनिताच्या मांडीवर डोकं ठेवलेल्या दिवाकरचा श्वास आत्ता कुठे संथ होत होता.

"वहिनी," फोनमधून पुन्हा आवाज आला, "काढली काय?"