खोडलेलं वाक्य

"जरा सरकता का? मला पळून जायचंय."

जिन्यात वाट अडवून उभा असलेला तरुण दचकला. हातातला पाण्याचा पेला त्याने तिच्यापुढे धरला. "आधी पाणी प्या... मग पळा."

ती प्यायली. दात पेल्यावर आपटत होते. वर सभागृहात डेव्हलपर मंडळी जमली होती, आणि काही इन्स्टॉल न करता थेट ब्राउझरमध्ये चालणारी अ‍ॅप्स कशी बांधायची, यावर तिला बोलायचं होतं. गेल्या खेपेला ऐन भाषणात तिची दातखीळ बसली होती. या मंडळींचा गट चालवायची तिची वहिनी. घरचीच, म्हणून तर जास्त कडक. तिने बजावलं होतं, "या वेळी मंचावरून मधेच उतरलीस, तर पुन्हा माइक विसर."

"भाषणाची भीती वाटते?" त्याने विचारलं.

"भाषणाची नाही हो, त्या शंकासुराची! गटात ऑनलाइन प्रश्न विचारून भल्याभल्यांना घाम फोडतो. आज तो येणार म्हणे."

तो कसंनुसं हसला. "इतका वाईट आहे?"

"राक्षस आहे राक्षस!"

तेवढ्यात वहिनीची हाक आली. पेला त्याच्या हातात देऊन ती मुकाट्याने वर निघाली.

सुरुवात बरी झाली. तिने बनवलेलं अ‍ॅप सगळ्यांनी गटातल्या टोपणनावाने आपापल्या फोनवर उघडलं. प्रश्न त्यातच लिहायचे होते. पाठवलेला प्रश्न मागच्या मोठ्या पडद्यावर उमटायचा. पण तिच्या लॅपटॉपवर... अरे देवा! चाचणीसाठी ठेवलेली सोय बंद करायची राहूनच गेली होती. लोक लिहीत असलेलं अक्षर न् अक्षर, पाठवण्याआधीच, ज्याच्या त्याच्या नावाच्या चौकटीत तिला दिसत होतं.

एका चौकटीवर नाव होतं – शंकासुर.

बोलता बोलता तिची नजर तिथेच अडकली. 'जिन्यातला राक्षस मीच,' अक्षरं उमटली, खोडली गेली. 'घाबरू नका, छान बोलताय.' तेही खोडलं. 'मला तुम्ही फार' – आणि तिथेच सगळं थांबलं.

तिने मान वर केली. तिसऱ्या रांगेत तो फोनकडे असा बघत होता, जणू फोन चावणारच आहे. म्हणजे हाही घाबरलेला! शेवटी तेही वाक्य पुसलं गेलं, आणि मोठ्या पडद्यावर प्रश्न आला : नेट गेलं, तर लिहिलेलं टिकतं का?

"टिकतं," ती म्हणाली. "ब्राउझर ते स्वतःजवळ जपून ठेवतो." आवाज कापत होता, पण ती उतरली नाही. शेवटपर्यंत बोलली.

टाळ्या वाजल्या, वहिनीने पाठ थोपटली, आणि तेवढ्यात तो दाराबाहेर सटकताना दिसला. हा असाच निघून गेला तर? भाषणाच्या भीतीहून ही भीती मोठी होती. ती धावली, आणि फाटकापाशी तिने त्याला गाठलं.

"तुमचं वाक्य अर्धं राहिलंय."

"कु... कुठलं?"

"'मला तुम्ही फार' – खोडलेलंही मला दिसत होतं. चूक माझीच."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "सगळ्यांनी वाचलं?"

"फक्त मी. पूर्ण करा ना..."

"इथे बोललेलं खोडता येणार नाही."

"नकाच खोडू."

त्याने डोळे घट्ट मिटले. "मला तुम्ही फार आवडता. गेल्या वेळी रडू आवरत माइक ठेवून गेलात ना, तेव्हापासून." मग हळूच एक डोळा उघडला. "अजून भीती वाटते माझी?"

"मघापेक्षा जास्त," ती म्हणाली, आणि तिने त्याचा हात हातात घेतला.