खिंडीतला चांदवा

काम साधं होतं. एक जुनी गाडी खिंडीपलीकडे पोचवायची, बस.

दिवा मोठा नका करू, आहे तेवढा पुरे. लख्ख उजेडात मला सांगायला सुचत नाही. आमची उमेदीची वर्षं उजेडावाचून गाडी हाकण्यात गेली, त्याची सवय.

लढाई संपून चार दशकं उलटली होती. खिंडीच्या पलीकडे, जिथे आमचा शेवटचा तळ होता, तिथे सैन्यानं स्मारक बांधलं. त्याच्यासमोर उभा करायला एक जुना तीनटनी ट्रक भंगारातून उचलला, रंगवला, चालू केला. स्मारकाच्या अधिकाऱ्याला वाटलं, हा दुसऱ्या गाडीवर लादून आणण्यापेक्षा त्या वेळच्याच एखाद्या ड्रायव्हरनं जुन्या रस्त्यानं चालवत आणला तर शोभून दिसेल. पण आम्ही उरलो होतो किती? एकाचे गुडघे गेलेले, एकाची नजर गेलेली, एक नुसताच हसतो. माझं सगळं थोडं थोडं गेलं होतं, पण पुरतं काहीच गेलं नव्हतं. म्हणून मी.

निघायच्या आदल्या दिवशी वहिनींचा फोन आला.

"भाऊजी, गाडीत ड्रायव्हरशेजारी अजून एक जागा असते ना?"

वहिनी म्हणजे धाकट्याची बायको. धाकटा आमच्या तुकडीतला सगळ्यात लहान ड्रायव्हर. मिसरूड फुटलं होतं की नाही असा चेहरा, पण स्टिअरिंगवर हात पडला की गाडी लोण्यातून चालल्यासारखी चालायची. माझ्यावर त्याचा फार जीव. एका ताटात जेवलो, एका ताडपत्रीखाली झोपलो. लढाईच्या शेवटच्या थंडीत तो त्या खिंडीत नाहीसा झाला. मेला म्हणत नाही मी. नाहीसा झाला.

कसं ते सांगतो. खिंडीतून ताफा न्यायचा तो दिवे विझवून. पलीकडच्या तळावरून अलीकडच्या मोर्च्यांवर येताना दारूगोळा आणि पिठाची पोती, परत जाताना जखमी. समोरच्या डोंगरावरून शत्रू टपलेला, काडी ओढली तरी गोळा यायचा. मग पुढची गाडी दिसणार कशी? तर प्रत्येक ट्रकच्या खाली, मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो ना, त्याला पांढरा रंग फासलेला आणि त्यावर एक मिणमिणता दिवा, वरून झाकलेला. वरून काही दिसायचं नाही. मागच्या ड्रायव्हरला तेवढा पांढरा गोल दिसायचा. आम्ही त्याला चांदवा म्हणायचो. रस्ता बघायचा नाही, दरी बघायची नाही, चांदवा बघायचा.

धाकटा पुढे, मी मागे, असं आमचं ठरलेलंच. त्या पहाटे वरच्या वळणावर गोळे पडायला लागले. धूर, बर्फ, कल्लोळ. आम्ही सगळे जागच्या जागी थांबलो. धूर निवळला तेव्हा माझ्यापुढे धाकट्याची गाडी नव्हती. कठड्याचा दगड हललेला नव्हता. खाली दरीत महिनाभर शोधलं, साधा खिळा सापडला नाही. जखमींना घेऊन तळाकडे निघाला होता तो. घरी वहिनींना दिवस भरत आले होते.

वहिनींनी दुसरं लग्न केलं नाही. शाळेत शिपाईण म्हणून लागल्या, मुलगी वाढवली. भाड्याची घरं बदलली, पण घर बघायला गेल्या की खोल्या नंतर बघायच्या, आधी दारासमोरचा रस्ता. एकदा मी विचारलं, "रस्त्याचं एवढं काय?" तर सहज म्हणाल्या, "मोठी गाडी वळायला जागा नको का?"

वहिनी गाडीत येणार म्हटल्यावर मुलीनं आकांडतांडव केलं. "आई, तुझा दमा, तो घाट, ती खटारा गाडी! काका, तुम्ही तरी समजवा."

वहिनी शांतपणे शाल घडी घालत म्हणाल्या, "मी कधी त्यांच्या गाडीत बसले नाही गं. सैन्याच्या गाडीत बायकांना बसवत नसत. आता बसवतायत, तर बसू दे."



सकाळी निघालो. अधिकाऱ्याची जीप नव्या रस्त्यानं, बोगद्यातून पुढे गेली. पलीकडे फोटोवाल्याला घेऊन तो आमची वाट बघणार होता. जुन्या खिंडीत आता मेंढपाळांखेरीज कुणी फिरकत नाही. रस्ता जागोजागी उखडलेला, पण गाडी चढत होती. तो गिअरचा आवाज ऐकला आणि माझी पाठ आपोआप ताठ झाली. वहिनी दाराचा दांडा धरून बसल्या होत्या. एखादं लहान मूल जत्रेला निघावं तसा चेहरा.

"ते असेच बसायचे? इथे, तुमच्या जागेवर?"

"असेच. फक्त गुणगुणायचा सारखा. बेसूर."

"घरीसुद्धा," त्या म्हणाल्या, आणि हसल्या.

दुपार कलायच्या आत खिंडीच्या वरच्या अंगाला आलो, तेव्हा धुकं उतरलं. आधी कडे गेले, मग कठडा, मग आमचं बॉनेट. मी दिवे लावले तर पुढे नुसती पांढरी भिंत. दिवे विझवले. थांबावं म्हटलं, तर चढावर जुन्या ब्रेकवर भरवसा नव्हता. पहिल्या गिअरमध्ये मुंगीच्या पावलानं गाडी चालू ठेवली. काच खाली केली, दरीचा अंदाज घ्यायला.

तेव्हा आवाज आला. आमच्या इंजिनाच्या घरघरीखाली आणखी एक घरघर. तशीच. एक ठोका मागे, एक पुढे. आणि वास... जळक्या डिझेलचा, ओल्या लोकरीचा, आणि त्याखाली आयोडीनचा. जखमी आणायचो ना, तेव्हा गाडीला तो वास लागायचा. धुतला तरी जायचा नाही.

"भाऊजी..." वहिनी म्हणाल्या. "ते काय आहे?"

पुढे, जमिनीपासून हातभर उंच, धुक्यात एक पांढरा गोल होता.

माझ्या अंगावर काटा आला, असं म्हणायला हवं. पण खरं सांगू? आधी बरं वाटलं. इतक्या वर्षांनी कुणीतरी पुढे होतं. पाय आपसूक हलका झाला, हात सैलावले. चांदवा डावीकडे झुकला की मी डावीकडे, उजवीकडे झुकला की उजवीकडे. रस्ता बघायचा नाही. दरी बघायची नाही. मग लक्षात आलं, माझ्या गालांवरून पाणी ओघळतंय.

"कोण आहे पुढे?" वहिनींनी विचारलं. आवाज इतका खाली, की ओठच हलले म्हणा.

मी चांदव्यावरून नजर काढली नाही.

किती वेळ असे गेलो, कळलं नाही. मग चांदवा थांबला. मीही थांबलो, हँडब्रेक ओढला, दोन्ही पाय ब्रेकवर दाबून धरले. पुढच्या गाडीचं इंजिन चालूच होतं. मी हॉर्न वाजवला. गाडी हलली नाही. पुन्हा वाजवला. नाही.

"जागेवर बसा हं, वहिनी. मी बघतो..."

बघतो म्हणालो, पण पाय ब्रेकवरून काढायचा धीर होईना. काढला असता तर गाडी मागे घरंगळली असती. तेवढ्यात वहिनींच्या बाजूचं दार उघडलं.

"वहिनी! अहो वहिनी..."

शाल सावरत त्या खाली उतरल्या, आणि चांदव्याच्या बाजूनं चालत गेल्या. धुक्यानं त्यांना पुसून टाकलं. मी हाका मारत राहिलो. मग पुढच्या गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. त्या ट्रकांची दारं कुरकुरायची नाहीत, खाली ओघळून ठक्क करायची. तसंच ठक्क झालं. मग बोलणं. वहिनींचा आवाज ओळखला. दुसरा... तरुण होता. शब्द कळत नव्हते. एकदा कुणीतरी हसलं. आणि मागे, त्या गाडीच्या हौद्यात, कुणीतरी पाणी मागत होतं.

पुन्हा ठक्क. वहिनी धुक्यातून आल्या. वर चढायला त्यांना दम लागला. दार लावून घेतलं. त्यांच्या अंगावर, शालीवरून, सैन्याचा जाड लोकरी कोट होता.

"मागे घ्या," त्या म्हणाल्या. "पुढे रस्ता नाही."

मी हँडब्रेक सोडला. गाडी उलटी घेत घेत खालच्या रुंद वळणापर्यंत आणली. तिथे धुकं विरळ झालं. वर नजर टाकली तर खिंड मोकळी होती, गाडी नव्हती, काही नव्हतं. आम्ही जिथे थांबलो होतो तिथे मी चालत जाऊन पाहिलं. आमच्या पुढच्या चाकांच्या खुणा संपत होत्या, त्यापुढे गाडीभर लांबीची जागा होती, आणि त्यापुढे रस्ता तुटून दरीत गेला होता. तुटलेली माती अजून ओली होती.

बोगद्यातून गाडी पोचवली. हार झाले, फोटो झाले. कोट कुठला, असं कुणी विचारलं नाही. म्हातारीला थंडी वाजत होती, कुणी दिला असेल. वहिनींनी तो काढला नाही. परतीच्या वाटेवरही नाही.

पंधरवड्यानं मी त्यांच्या घरी गेलो. मुलगी कामाला गेली होती. वहिनींनी माझ्यापुढे चहा ठेवला आणि न विचारता सांगायला लागल्या.

"ओळखलं नाही मला त्यांनी."

मी कप खाली ठेवला.

"जसेच्या तसे आहेत हो, भाऊजी. गालावर तो कापल्याचा व्रण, दाढी करताना झालेला, तोसुद्धा ताजा. मला म्हणाले, 'आजी, या धुक्यात कुठं निघालात? पुढे रस्ता गेलाय. मागच्या गाडीला सांगा, परत फिरा म्हणावं.' आजी म्हणाले मला."

"आणि तुम्ही कोण, ते सांगितलं नाहीत?"

"काय सांगू?" वहिनी खिडकीबाहेर बघत होत्या. "म्हणत होते, घरी बायकोला दिवस भरत आलेत, या जखमींना दवाखान्यात उतरवलं की सुट्टी घेऊन निघणार. तिच्या ओढीनंच तर ते इतकी वर्षं घरी यायला निघालेत, भाऊजी. मी म्हटलं असतं, ती मीच... तर मग ते कुणासाठी निघणार होते?"

मी खुर्ची जवळ ओढली.

"एवढंच म्हटलं, मुलगी होईल तुम्हाला. नाक तुमच्यावर जाईल. तर हसले. म्हणाले, 'तुमच्या तोंडात साखर पडो, आजी.' आणि मी कुडकुडत होते, तर अंगातला कोट काढून मला घातला. मी नको नको म्हणत होते."

कोट दारामागच्या खुंटीला होता. वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं आणि मग मात्र त्यांचा बांध फुटला. "नुसत्या सदऱ्यावर आहेत ते तिथे. काय थंडी आहे भाऊजी त्या खिंडीत, तुम्ही बघितलीत ना? परत द्यायला हवा. तुम्ही नेऊन द्याल का?"

देतो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? रस्ता बंद आहे, हे त्यांनाही ठाऊक होतं.

मी उठून कोट खुंटीवरून काढला. वजनदार होता. घडी घालण्याआधी सवयीनं खिसे चाचपले, काही राहिलं असेल तर वहिनींच्या हवाली करावं म्हणून. डावा रिकामा. उजव्यात हात घातला. खिसा खोल होता. मनगट आत गेलं, तळ लागेना. आणखी घातला. कोपर आत गेलं. तरी तळ नाही. आणि आत... बोटांना वारा लागत होता. उघड्यावरचा, बर्फावरून येणारा वारा.

मी हात काढून घेणार, तेवढ्यात त्या वाऱ्यातून कुणीतरी माझी बोटं धरली. आवळली नाहीत, ओढली नाहीत. फक्त धरली. गारठलेला, तरुण, ओळखीचा हात.

माझ्या तोंडाकडे बघूनच वहिनींना कळलं असावं. त्या जवळ आल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि अगदी हळू म्हणाल्या,

"सोडू नका हं, भाऊजी..."