आजचा दाब

मंगळवार. रात्रीचा दीड. कारखान्याच्या ऑफिसची इमारत, तळमजला, जिन्याखालची सर्व्हर रूम. आत एकच माणूस, एक खुर्ची आणि भिंतीला टेकून उभं केलेलं मशीनचं कपाट. एसी चालू.

त्या माणसाला मी ओळखतो. त्याने मला हे सगळं समोर बसून सांगितलं, आणि सांगताना एकदाही आवाज चढवला नाही. आवाज मी चढवतो, ती माझी खोड आहे. अंक छापायला गेलाय, तुम्हा पोरांना घरी जायची घाई दिसत नाही, तर ऐका.

कारखान्यात त्याला सगळे पोस्टमास्तर म्हणायचे, कारण मेलचा सर्व्हर तो सांभाळायचा. घरात तो धाकटा. त्याचा थोरला भाऊ, म्हणजे दादा, त्याच कारखान्यात बॉयलरवर रात्रपाळी करायचा. बाप लवकर गेलेला. दादाने शाळा सोडून याला शिकवलं, आणि पुढे याला त्याच कारखान्यात टेबलाची नोकरी लागली. दादा गमतीने सगळ्यांना सांगायचा, "आमचा धाकटा एसीत बसतो. मी वाफेत बसतो. घराचं सरासरी हवामान छान आहे."

त्या रात्री धाकटा गेला होता एका साध्या कामाला. सुरक्षाप्रमुखांची तक्रार होती की त्यांच्या मेलमध्ये जाहिरातींचा कचरा अजून येतो, तेव्हा गाळणी आणखी घट्ट करा. सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करायचा तर ऑफिस रिकामं हवं, म्हणून अशी कामं रात्रीच होतात.

मेलची गाळणी म्हणजे काय, ते आधी समजून घ्या. येणाऱ्या प्रत्येक मेलला ती गुण देते. शाळेच्या अगदी उलट, जास्त गुण तो नापास. 'तातडीचे' असं लिहिलं की गुण, फोटो जोडला की गुण, तोच मजकूर पुन्हा पुन्हा आला की भरपूर गुण. शिवाय ती माणसांकडून शिकते. मेलखाली 'हा कचरा आहे' असं बटण असतं. ते कुणी दाबलं की गाळणी तो मजकूर आणि पाठवणाऱ्याचं नाव लक्षात ठेवते. नापास झालेला मेल अडवलेल्यांच्या कप्प्यात पडतो आणि सात दिवसांनी आपोआप पुसला जातो. पाठवणाऱ्याला काही कळवत नाहीत. कचरा पाठवणाऱ्याला कशाला उत्तर द्यायचं? जगभर हीच रीत आहे. धाकट्याने तीच लावली होती. मागे एकदा कारखान्यातल्याच एका कॉम्प्युटरमधून कचरा सुटला होता, म्हणून आतल्या मेललाही त्याने गाळणी लावली. काळजीने केलेलं काम. त्यात एक चूक होती, आणि ती फार उशिरा कळली.

त्या रात्रीच्या तीन आठवडे आधी बॉयलर फुटला होता.

दादा महिनाभर घरी सांगत होता की सेफ्टी व्हॉल्व्ह वेळेवर उघडत नाही, दाब लाल रेषेच्या वर जातो. फोरमनला सांगितलं तर तो म्हणाला, तोंडी तक्रारीवर उत्पादन थांबत नाही. तेव्हा धाकट्यानेच सल्ला दिला, "दादा, लेखी दे. मेल कर. मेलला कुणी नाही म्हणू शकत नाही." दादाला लिहायचा कंटाळा. म्हणून धाकट्याने स्वतः मसुदा करून दिला. चार ओळींचा. वर 'तातडीचे', मग व्हॉल्व्हची तक्रार, मग कृपया दखल घ्यावी, आणि शेवटी, 'आजचा दाब', पुढे मोकळी जागा. दादाने रोज पहाटे बॉयलरजवळच्या कॉम्प्युटरवरून सुरक्षाप्रमुखांना तोच मसुदा पाठवायचा, मीटरचा फोटो जोडायचा आणि फक्त आकडा बदलायचा.

रोज तोच मजकूर. तुम्हाला कळलं ना?

दादा रोज घरी येऊन वहिनींना सांगायचा, पाठवलं, पोचलं असेल. आणि ज्याने मसुदा लिहिला, त्याच्याच गाळणीने रोज तो मसुदा अडवला.

स्फोटानंतर दादा आठ दिवस हॉस्पिटलमध्ये होता. घशात नळी, बोलता येत नव्हतं. धाकटा उशाशी बसून असायचा. दादाची उजव्या हाताची बोटं पट्ट्यांतून चादरीवर हलायची. नर्स म्हणाली वेदनेने हलतात. धाकटा म्हणाला, नाही, तो टाइप करतोय.

नवव्या दिवशी दादा गेला. सगळं उरकून धाकटा कामावर आला आणि पहिल्यांदा अडवलेल्यांचा कप्पा उघडला. रिकामा. सात दिवस उलटून गेले होते. मेल गेले, त्यांच्या नोंदी गेल्या, दादाचा कॉम्प्युटर तर वितळून गोळा झाला होता आणि पोलिसांनी तो पोत्यात भरून नेला होता. इकडे कंपनीने चौकशी समितीला लिहून दिलं, 'संबंधित कामगाराने कोणतीही पूर्वसूचना दिली नव्हती. निष्काळजीपणा नाकारता येत नाही.' मेलेल्या माणसाच्या डोक्यावर खापर फोडायला हिंमत लागत नाही. वहिनी त्या एका शब्दाने खचल्या होत्या. निष्काळजीपणा. वीस वर्षं बॉयलरवर काढलेल्या माणसाच्या नावापुढे तो शब्द कायमचा राहणार होता. धाकट्याला तो पुसायचा होता, आणि त्याच्या हातात पुरावा म्हणून काहीही नव्हतं.

मध्येच आमचा गुन्ह्यांच्या बातम्या करणारा पोरगा म्हणाला, "सर, भूत मेल पाठवणार असेल तर आधीच सांगा. मी फोन बंद करतो."

बंद कर. उपयोग होतो का, ते पुढे कळेल.

तर दीड वाजता धाकटा काम करत होता. पडद्यावर नोंदींच्या ओळी सरकत होत्या. जाहिरात, अडवली. लॉटरी, अडवली. तेवढ्यात एक ओळ आली. पाठवणारा, बॉयलर रात्रपाळी. अडवला.

तो घाबरला नाही. मेल सर्व्हर सांभाळणारा माणूस सहजी घाबरत नाही, आधी बिघाड शोधतो. त्याला वाटलं, जुना मेल रांगेत अडकून राहिला असेल, तो आता निघाला. त्याने रांग पाहिली. रिकामी. मग वाटलं, कुणीतरी दादाच्या नावाने थट्टा करतंय. प्रत्येक मेलवर तो कोणत्या मशीनवरून निघाला त्याची खूण असते. त्याने ती काढली.

मशीन बॉयलरजवळचं. ते पोत्यातलं.

दुसरा मेल आला. अडवला.

त्याने दादाचं नाव भरवशाच्या यादीत घातलं. या यादीतल्या माणसाचा मेल गाळणी तपासत नाही, सरळ सोडते. तिसरा आला. अडवला. गुण आधीपेक्षा जास्त. असं का होतंय म्हणून त्याने गाळणीची शिकवणी उघडली, म्हणजे माणसांनी बटण दाबून तिला काय काय शिकवलं त्याची नोंद. ही कधी पुसली जात नाही. तिथे त्याला एक ओळ सापडली. दादाचा अगदी पहिला मेल अडला नव्हता. तो पोचला होता. आणि सुरक्षाप्रमुखांच्या खात्यातून त्यावर बटण दाबलं गेलं होतं... हा कचरा आहे.

एका बोटाचं काम. पुढचं सगळं गाळणीने इमानदारीने केलं.

धाकटा मला म्हणाला, "ते वाचून मला राग यायला हवा होता." आला नाही. फक्त दादाचा पहाटेचा चेहरा दिसला. पाठवलं, पोचलं असेल.

चौथा आला.

त्याने गाळणी बंद केली. पूर्ण. आता अडवणारं कुणी नव्हतं.

पाचवा आला. अडवला.

त्याने भिंतीतली केबल ओढून काढली. बाहेरचा संबंध संपला. पडद्यावरच्या जाहिराती थांबल्या. लॉटऱ्या थांबल्या. एसीचा आवाज तेवढा राहिला.

सहावा आला.

खोली गरम व्हायला लागली. एसी चालू होता. वारा येत होता. वारा गरम होता.

त्याने मेल उघडला. तोच मसुदा. त्याचाच. आजचा दाब, आणि आकडा. सातव्यात आकडा मोठा. आठव्यात आणखी मोठा.

पडद्यावर बाष्प धरलं. बाहीने पुसलं. पुन्हा धरलं.

नववा.

दहावा.

खोलीत ओल्या राखेचा वास होता. त्याने मागे पाहिलं नाही. मला म्हणाला, मागे कुणी नसतं तर सहन झालं नसतं... म्हणून पाहिलं नाही.

अकरावा. मसुदा तोच. आजचा दाब... पुढे आकडा नव्हता.

पुढे लिहिलं होतं, 'धाकट्या, पोचलं का?'

...

त्याने कीबोर्ड पुढे ओढला. त्याने लिहिलं, 'पोचलं दादा.' आणि केबल काढलेल्या सर्व्हरवरून ते पाठवून दिलं.

त्यानंतर काही आलं नाही. हळूहळू खोली गार झाली. पडदा पुसून त्याने कप्पा पाहिला तर तो रिकामा. अकराही मेल तिथून सुटले होते. पोचले होते. सुरक्षाप्रमुखांच्या खात्यात, ओळीने, न वाचलेले.

मी तेव्हा या स्फोटाची बातमी करत होतो, त्यामुळे पुढचं डोळ्यांनी पाहिलंय. सकाळी सुरक्षाप्रमुखांनी मेल पाहिले आणि दुपारपर्यंत धाकट्याच्या हातात निलंबनाचा कागद होता. सर्व्हर तुझ्या ताब्यात, म्हणजे मेलही तूच बनवले. बटणाची नोंद? तीही तुझ्याच ताब्यातली. समितीने पुरावा मानायला नकार दिला. मी सुरक्षाप्रमुखांना विचारलं, बटण तुम्ही दाबलं की नाही? म्हणाले, दिवसाला शेकडो मेल येतात, हात लागला असेल. मी ते जसंच्या तसं छापलं. कंपनीने आमच्या मालकांना फोन केला. मालकांनी मला बोलावलं. तिथे काय झालं ते राहू दे, पण माझी खुर्ची अजून इथेच आहे.

वहिनींना भेटायला गेलो होतो. दोन खोल्यांचं घर, दारामागे दादाचे कामाचे बूट तसेच. धाकटा उंबऱ्याशी बसलेला. त्यांनी माझ्याकडून काही मागितलं नाही. म्हणाल्या, "भावजी सांगतात, पोचलं. मी त्यांच्यावर विश्वास ठेवते. पण मग उत्तर का नाही आलं हो?"

मी इतकी वर्षं लोकांना प्रश्न विचारत आलोय. त्या दिवशी मला वही उघडता आली नाही.

आता शेवटचं, मग घरी जा.

कंपनीने तो सर्व्हर भंगारात काढला. बाहेरच्या संस्थेकडून नवा घेतला. गाळणी नवी, मेलचे पत्ते नवे, बॉयलरही नवा. ते सुरक्षाप्रमुख बढतीवर दुसरीकडे गेले. त्यानंतर त्या खुर्चीत तीन जण येऊन बसले. तिघांनीही पहिल्या दिवशी कोरं खातं उघडलं आणि तिघांच्याही खात्यात एक मेल आधीच पडलेला होता. न वाचलेला. पुसला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा वर. चार ओळींचा मसुदा, खाली 'आजचा दाब', आणि आकडा. पहिले दोघे गप्प बसले. तिसरा तरुण आहे. त्याने मोबाइलवर तो मेल उघडला आणि तसाच बॉयलरपाशी जाऊन उभा राहिला.

नव्या बॉयलरच्या मीटरवर त्या क्षणी तोच आकडा होता.

त्याने मला फोन केला. तेव्हापासून तो रोज मला आकडा कळवतो. गेल्या महिन्यापर्यंत काटा लाल रेषेच्या बराच खाली होता. परवा रेषेला टेकला. त्याने वर कळवलं. त्याला सांगण्यात आलं, लेखी द्या. त्याने मेल केला.

मीही कंपनीला विचारलंय, तो मेल पोचला का? कागदावर लिहून, गेटवर सही-शिक्का घेऊन. आज संध्याकाळपर्यंत उत्तर आलेलं नाही.