तिसरं कडवं

ओव्हन परत आणायला म्हणून मी शेजारी गेले, तेव्हा भर दुपार होती. बाहेर लख्ख ऊन होतं, जिन्यात कुणीतरी फरशी पुसत होतं. घाबरावं असं काही म्हणजे काही नव्हतं.

शेजारचे भाऊजी एकटे राहायचे. सगळी इमारत त्यांना टेपवाले म्हणायची. दर रविवारी ते इंटरनेटवर तासाभराचा कार्यक्रम करत. दुर्लक्षित राहिलेल्या रॉक बँडांची गाणी. चार मित्रांनी गॅरेजमध्ये बसवलेली, कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला शेवटी कोंबलेली, पुढे कुणीच न ऐकलेली. मला त्यातलं ओ की ठो कळत नसे. पण आमची भिंत एकच, त्यामुळे इतक्या वर्षांत तो ठणठणाट मला पाठ झाला होता. कुठल्या बँडचा ड्रमवाला घाई करतो, तेसुद्धा मी सांगितलं असतं.

ओव्हन त्यांनी टेप भाजायला नेला होता. हसू नका, मीही हसले होते. जुनी टेप ओल धरते, चिकट होते. मंद आचेवर आठ तास ठेवली की दोनदा, फार तर तीनदा वाजते. मग तिच्यावरचा तपकिरी थर झडून जातो आणि आवाज कायमचा संपतो.

दार उघडलं तेव्हा खोलीत तापलेल्या मेणासारखा वास होता. भाऊजी भलतेच खुशीत होते.

"बसा वहिनी. दादाचं गाणं आहे. बत्तीस वर्षांनी पहिल्यांदा वाजतंय."

दादाची हकीकत मी त्यांच्याकडून कधीच काढून घेतली होती. तो माझा स्वभाव आहे, काय करणार. दादा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ, एका बँडचा गायक. त्यांच्या रेकॉर्डवरचं सगळ्यात चांगलं गाणं ऐन वेळी गाळलं गेलं, कारण मनासारख्या जमलेल्या एकमेव वादनात मधेच एक बाई बोलते आणि गाणं तिथेच तुटतं. स्टुडिओत बाई नव्हतीच, असं दादा शपथेवर सांगत राहिला. बाकीच्यांनी ऐकलं नाही. कुणाला लपवून आणलं होतंस, म्हणून भांडणं झाली, बँड मोडला, आणि महिन्याभरात दादाने जीव दिला. भाऊजी तेव्हा शाळेत होते. जगाची हरवलेली गाणी ते शोधत राहिले, पण खरं तर शोधत होते ती ही एकच टेप.

त्यांनी मशीन सुरू केलं. गिटार, ड्रम, मग दादा. आवाज असा, की माझ्यासारखीही पुढे सरकून ऐकू लागली. दोन कडवी झाली. मग सगळी वाद्यं थांबली. त्या शांततेत एक बाई अगदी हळू म्हणाली, "भाऊजी... मागे वळू नका."

लगेच दादाचा संतापलेला आवाज आला. "कोण ही? बाहेर काढा हिला." आणि टेप संपली.

तो आवाज माझा होता.

मी म्हणाले, अहो, मी तेव्हा नववीत होते, तुमचं गावसुद्धा मला माहीत नव्हतं. भाऊजी माझ्याकडे बघत राहिले. नऊ वर्षांच्या शेजारात तो चेहरा मी कधी पाहिला नव्हता. ते उठले, दाराला आतून कुलूप घातलं आणि किल्ली पँटच्या खिशात टाकली.

"पुन्हा लावतो. या वेळी रेकॉर्डिंग चालू असेल. तुम्ही तिथेच बसायचं आणि गप्प बसायचं. जन्मात एकदा."

मला घरी जाऊ द्या, म्हटलं. तर ते शांतपणे म्हणाले, "तुमच्या जिभेनं माझा भाऊ खाल्ला, वहिनी."

भाऊजींच्या तापात मी तीन रात्री उशाशी बसले होते. वाटीभर काही चांगलं केलं की आधी त्यांच्याकडे पाठवत होते. ते शब्द मला फार लागले. मनात म्हटलं, ठीक आहे. आता तुम्ही पाया पडलात तरी तोंड उघडणार नाही.

टेप पुन्हा सुरू झाली. मशीनखाली तपकिरी भुकटी सांडू लागली. पहिलं कडवं. दुसरं. वाद्यं थांबली. मी ओठ इतके घट्ट मिटले की दात रुतले. ती जागा आली आणि गेली. बाई बोलली नाही. दादाने तिसरं कडवं उचललं, आणि भाऊजींच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

पण ते कडवं स्पीकरमधून येत नव्हतं. स्पीकर भाऊजींच्या समोर होते. आवाज त्यांच्या पाठीमागून येत होता.

मी समोरच बसले होते. मागे फक्त टेपांनी भरलेलं कपाट होतं. त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर जाड स्वेटर टाकलेला होता. तो खांद्यापाशी दबला. चार ठिकाणी, बोटं रोवावीत तसा.

भाऊजींनी ओळखलं. ते हसले. मान वळायला लागली. टेपवरचे ते शब्द माझ्या जिभेच्या टोकावर होते, तीन शब्द. भीतीनं गिळले म्हणते मी सगळ्यांना. पण खरं तुम्हाला सांगते... रागानं गिळले.

मी डोळे मिटले. गाणं पूर्ण झालं. उघडले तेव्हा टेपचं सुटं टोक मशीनवर फटफट आपटत होतं. खुर्ची रिकामी होती. दाराला कुलूप तसंच होतं. आमचे हे आणि कुलूपवाला मिळून दार फोडेपर्यंत मी त्या खुर्चीसमोर बसून होते.

पोलिसांनी मला चार वेळा विचारलं. भाऊजी मिळाले नाहीत. त्या रविवारचा कार्यक्रम त्यांनी आधीच लावून ठेवला होता, नवं रेकॉर्डिंग आपसूक त्यात जाईल असा, त्यामुळे गाणं आपोआप जगभर गेलं. लोकांना वेड लागलं. सगळे विचारतात, तिसऱ्या कडव्यातला दुसरा आवाज कुणाचा?

आता तिथे नवं जोडपं आलंय. काल त्या मुलीनं जिन्यात थांबवून विचारलं, "काकू, तुमच्याकडे गाण्याची तालीम असते का हो? रोज दुपारी दोन पुरुष गातात. छान गातात. फक्त मधेच थांबतात."

मी विचारलं, "मग?"

"मग तुम्ही बोलता. शब्द कळत नाहीत, पण कुणाला तरी विनवल्यासारखं."

दुपारी मी घरात नसतेच. त्या दिवसापासून एकही दुपार मी घरात काढलेली नाही, बागेत जाऊन बसते. त्या वेळी घरी फक्त आमचे हे असतात, त्या भिंतीकडे पाठ करून पेपर वाचत. काही ऐकू येतं का, म्हणून रात्री मी त्यांना विचारलं. छे, म्हणाले. मग दिवा मालवताना सहज म्हणाले, उद्यापासून खुर्ची जरा त्या भिंतीकडे वळवून ठेवतो.