शेवटच्या बाकावरचा प्लासिड

"ही बस वसई गावात जाते ना?"

मी वळून पाहिलं. पस्तिशीचा, उन्हाने रापलेला माणूस, हातात फुलांची रिकामी करंडी. बसवर तर हे एवढ्या मोठ्या अक्षरांत गावाचं नाव!

"वाचता येत नाही का?" मी फटकन म्हणाले.

तो नुसता हसला... आणि माझ्या मागच्याच सीटवर बसला. मी उतरले, तोही उतरला. मी चर्चच्या हॉलकडे वळले — तोही!

"माझ्या मागे येताय?"

"नाही हो, क्लासला चाललोय. तुम्हीच माझ्या पुढे पुढे करताय."

त्या हॉलमध्ये दर रविवारी दुपारी पॉलिन टीचर मोठ्या माणसांना शिकवायच्या. कुणी वाचायला शिके, कुणी माझ्यासारखं इंग्रजी बोलायला. मी चंदनसारची, विरारला दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला. तिथल्या एकीने माझं अडखळतं इंग्रजी गुपचूप रेकॉर्ड करून सगळ्यांना पाठवलं होतं. तेव्हापासून कुणीही हसलं की वाटे, मलाच हसतायत. या वर्गात मात्र चुकलं तरी टीचर टाळ्या वाजवायच्या. तीन महिन्यांत माझी जीभ सुटत आली होती.

आणि आता हा आला. प्लासिड. शेवटच्या बाकावर बसायचा. मी बोलायला उभी राहिले की ओठांच्या कोपऱ्यात हसू.

"काय बघता एवढं?" एकदा मी विचारलंच.

"बघत नाही, ऐकतो."

"तेच ते."

"नाही हो... बोलताना तुम्ही जास्त छान दिसता."

माझे कान तापले. रागाने — असं मी स्वतःला बजावलं.

पुढच्या रविवारी हॉलच्या मागे चिंचेखाली तो फोनवर बोलत होता. इंग्रजीत! एकदाही न अडखळता, हसत, ऐटीत. मी भिंतीआड थिजून उभी राहिले. एवढं येतं, तर हा इथे येतो कशाला? आमची मजा बघायला? त्या फोनमध्ये माझा आवाजही असेल का...?

वर्ग सुरू होताच मी उठले. "टीचर, आज प्लासिडना फळ्यावर चार ओळी लिहू द्या. त्यांना सगळं येतं!"

"क्षितिजा, खाली बस," टीचर घाईने म्हणाल्या. पण तो उठला होता. त्याने खडू घेतला. एक रेघ ओढली, पुसली. पुन्हा ओढली. मग खडू ठेवून, कुणाकडेही न बघता तो निघून गेला.

वर्ग सुटल्यावर टीचरनी मला थांबवलं. "गोव्याच्या हॉटेलात बारा वर्षं पाहुण्यांशी बोलून बोलून शिकलाय तो. इथे येतो ते वाचायला शिकायला. लहानपणापासून अक्षरं त्याच्या डोळ्यांपुढे उलटसुलट होतात. चौथीत शाळा सुटली. कुणाला सांगू नका म्हणाला होता."

दवाखान्यातल्या त्या मुलीने जे केलं, तेच मी केलं होतं. तेही भर वर्गात.

पुढचे दोन रविवार तो आला नाही. तिसऱ्या रविवारी वर्गाआधी मी विचारत विचारत त्याच्या वाडीवर गेले. तो केळीला पाणी सोडत होता.

"आज कसला संशय?" त्याने वर न बघताच विचारलं.

"माफी मागायला आले. मला वाटलं, तुम्ही आम्हाला हसता."

"हसायचो की." तो सरळ उभा राहिला. "तुम्ही चुकायचात आणि तरी पुढचं वाक्य बोलायचात. मला ते कधी जमलं नाही. हेवा वाटायचा... आणि तुम्ही आवडायचात. दोन्ही एकदम."

मी त्याच्या चेहऱ्यावर थट्टा शोधली. सापडली नाही.

"खरं सांगता?"

"पुन्हा?"

"सवय आहे. जायला वेळ लागेल."

"लागू दे. मला तरी कुठे घाई आहे?" मग तो हळूच म्हणाला, "पण त्या वर्गात आता एकटा शिरणार नाही मी."

"माझ्या बाकावर जागा आहे."

"नुसती बसायला?"

"आधी बसा तर..."

त्याने पाणी बंद केलं, पाय धुतले. आम्ही बांधावरून निघालो. वाट चिखलाची होती. त्याने हात पुढे केला आणि मी तो धरला. कुणी बघतंय का, हे मागे वळून पाहायचं मला सुचलंच नाही.