चंदूचं एकोणिसावं वर्ष

कोलशेतची आवडाबाई ठाण्यात मासळी विकायला यायची. त्रेपन्न सालच्या एका दुपारी तिनं हरिहर गुप्ते मास्तरांच्या ओट्यावर टोपली उतरवली आणि कमरेच्या पिशवीतून चार दोरे काढले.

"माज्या चंदूची पुतली करा, मास्तर. दहा वर्सा जाली खाडीत गेला त्याला. आता केवरा जाला असंल, मना बगाचा हाय."

मास्तर शाळेत गणित शिकवायचे आणि घरी मातीतही तेच करायचे. शंखाचा आकार बदलत बदलत पक्षी, पक्ष्याचा माणूस, प्रत्येक पायरीची एक पुतळी, ठरलेल्या प्रमाणात. शेजारी त्याला खूळ म्हणायचे. चंदू नवव्या वर्षी बुडाला, प्रेतही मिळालं नाही. त्याआधी चार वर्षं, दर नारळी पुनवेला, आईनं त्याला दोऱ्यानं मापलं होतं. खांदा, कंबर, गुडघा, तिथं तिथं गाठ. एवढ्यावरून पुढची वाढ मांडायची! मास्तर मनातून खूशच झाले.

बाराव्या वर्षाच्या पुतळीपर्यंत गणित सरळ चाललं. तेराव्याला मान जाडावली. चौदाव्याला गुडघे एकमेकांना भिडले. मास्तरांनी आकडे तीनतीनदा तपासले, चूक सापडेना. भीती वाटत होती, पण पुढे काय निघतं ते पाहिल्याशिवाय अन्न गोड लागेना. एकोणिसाव्या वर्षाचं जे तयार झालं, त्यावर त्यांनी ओलं फडकं टाकलं आणि आईसाठी आकडे सोडून मनानंच एक देखणा, भरल्या छातीचा तरुण घडवला.

आवडाबाईनं तो निरखून पाहिला. "चांगला हाय... पन यो माजा नाय."

तिची नजर कोपऱ्यातल्या फडक्यावर गेली. मास्तर अडवायला धावेपर्यंत तिनं ते उचललंही. ती किंचाळली नाही. बोटं जुळलेल्या त्या हातावरून तिनं हात फिरवला आणि पदर डोळ्यांना लावला.

"तुमाना कसा कलला...? असाच हाय. जाल्याजवल येतो. फकस्त मानेवर, हितं, दोन चिरा हायेत."

तिनं नखानं ओल्या मातीत दोन रेघा ओढल्या.

"यंदा लांबूनच बगतो मना... तुमचा गनित सांगंल का, मास्तर? फुडल्या वर्साला मना वलखंल?"

विसाव्या वर्षाचे आकडे मास्तरांनी कालच मांडले होते. त्यांत चेहऱ्याला जागाच उरत नव्हती. त्यांना त्या बाईची फार दया आली.

"ओळखेल, बाई," ते म्हणाले. जन्मात पहिल्यांदा त्यांनी चुकीचं उत्तर दिलं.

मातीतल्या त्या दोन रेघा हळूच उघडल्या... आणि मिटल्या.